राहते घर तारण ठेवण्याआधी

मा. संपादक,

सिंहस्थ जवळ येतो आहे तशी नाशिकच्या आडगाव, मखमलाबादकडच्या प्लॉटची चर्चा चहाच्या टपरीवरही ऐकू येते. जोडीला सल्लाही असतो: ‘घराचे हप्ते फिटत आलेत, टॉपअप (त्याच घरावर वाढीव कर्ज) काढा आणि गुंतवा.’ शेअरसाठीही हेच सांगितले जाते. हप्त्याचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही.

समजा, घरावर २० लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, १५ वर्षे मुदत. हप्ता सुमारे २१,५०० रुपये. पहिल्या हप्त्यातले १६,६६७ रुपये नुसते व्याज. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. तशीच अडीच टक्क्यांची वाढ या कर्जावर सुरुवातीलाच आली आणि हप्ता तोच ठेवला, तर १५ वर्षांचे कर्ज २८ वर्षांवर जाते! हप्ता बदललेला नसतो, म्हणून कर्जदाराच्या ते लवकर लक्षातही येत नाही.

सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ८ हजारांखाली आला आणि पुन्हा २१ हजारांवर जायला नोव्हेंबर २०१० उजाडला. बाजार सावरला हे खरे, पण वरच्या हिशोबाने तेवढ्या ३४ महिन्यांत सात लाखांवर हप्ते पगारातून भरावे लागतात. ज्याला ते झेपत नाहीत, तो नेमका तळाला शेअर विकतो.

मोकळ्या प्लॉटला तर भाडेही नाही. तो एनए (बिगरशेती) नसेल, तर अडचणीत त्यावर बँक सहसा कर्ज देत नाही आणि गिऱ्हाईकही पटकन मिळत नाही. इकडे हप्ता ९० दिवस थकला की खाते एनपीए (थकीत, अनुत्पादक कर्ज) होते. मग तारण मालमत्तेतून वसुलीच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस आणि पुढे दावा न लावताच ताब्याची कारवाई. नोटीस चिकटते ती राहत्या घराच्या दारावर.

तरीही कर्ज घ्यायचेच असेल, तर सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांच्या आत बसवावेत. बारा हप्त्यांची रक्कम आधी मुदत ठेवीत टाकावी. अर्जात ‘घरदुरुस्ती’ लिहून पैसे शेअरमध्ये वळवू नयेत. तो करारभंग ठरतो. घर आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल, तर बँक त्यांचीही सही घेते. सहीआधी थकबाकी आणि ताब्याची कलमे त्यांना मराठीत वाचून दाखवावीत.

– एक कर्ज सल्लागार, इंदिरानगर, नाशिक