हार दिसला, मतांचे आकडे दिसले नाहीत

महोदय,

शाळेतल्या अभिरूप निवडणुकीची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. छायाचित्र छान होते. गळ्यात हार घातलेला नववीतला विजयी उमेदवार, मागे हात उंचावलेली मुले. बातमीत प्रचाराची भाषणे होती, घोषणा होत्या, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत होते. कोणाला किती मते पडली, तेवढे मात्र कुठे नव्हते.

छापायचे राहून गेले असेल, असे मी म्हटले असते. पण दोन वर्षांपूर्वी अशाच एका शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो होतो. तिथे गोंधळ नको म्हणून वर्गशिक्षक मतदान यंत्राच्या शेजारीच उभे होते. मोजणी शिक्षकांच्या खोलीत झाली आणि हरलेल्यांना वाईट वाटायला नको म्हणून नुसती नावे जाहीर केली गेली. हेतू चांगला होता, याबद्दल शंका नाही. पण गुप्त मतदान गेले, उघड मोजणी गेली आणि उरले काय, तर गुलाल.

शिक्षक असल्याने निवडणुकीची ड्युटी मला चुकली नाही. केंद्राध्यक्ष म्हणूनही बरेचदा गेलो. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान ५० मतांचे अभिरूप, म्हणजे चाचणीचे, मतदान घ्यायचे, निकाल दाखवायचा, यंत्र रिकामे करायचे, सील करायचे आणि मगच खरे मतदान सुरू करायचे. हे सगळे कंटाळवाणे आहे, शिव्या खात करावे लागते. पण हरलेला उमेदवार निकाल मान्य करतो तो याच कंटाळवाण्या कामामुळे. मुलांना नेमके हेच दाखवायचे आपण टाळतो.

म्हणून निवृत्तीच्या आधीच्या वर्षी नववीच्या वर्गात मी उलटे केले. भाषणांना प्रत्येकी तीन मिनिटे, बस्स. हुशार मुले उमेदवारीला न घेता मतदान अधिकारी केली. पहिल्याने यादीत नाव शोधून मोठ्याने पुकारायचे, दुसऱ्याने नोंदवहीत सही घेऊन शाई लावायची आणि चिठ्ठी द्यायची, तिसऱ्याने चिठ्ठी घेऊन मत द्यायला सोडायचे. यंत्र म्हणजे मोबाइलवरचे ॲप, आडोशाला पुठ्ठ्याचे खोके. दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी हातात यादी घेऊन बाकावर बसले. मी वर्गाच्या दाराबाहेर.

मतदान संपल्यावर एका प्रतिनिधी मुलीने विचारले, ‘सर, नोंदवहीत सह्या ४१ आहेत. यंत्रात मते ४० कशी?’

मला खरेच माहीत नव्हते. तिसऱ्या अधिकाऱ्याने चिठ्ठ्या मोजल्या, त्याही ४०. वर्गात कुजबुज सुरू झाली, ‘ॲपमध्ये गडबड आहे.’ पाच मिनिटांत अफवा कशी तयार होते, तेही मुलांनी पाहून घेतले. मग केंद्राध्यक्ष असलेल्या मुलीने नोंदवही उघडून एकेकाला चिठ्ठीबद्दल विचारले. शेवटी एका मुलाने कंपासपेटीतून आपली चिठ्ठी काढली. सही केली, बोटाला शाई लावून घेतली आणि तसाच मैदानावर निघून गेला होता. का? ‘दोघंही माझे मित्र आहेत. नंतर विचारतील, कोणाला दिलंस, तेव्हा काय सांगू?’

गुप्त मतदान कशासाठी असते, यावर मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. या पोराने ते एका वाक्यात सांगितले.

आता मत देऊ का, असे त्याने विचारले आणि भांडण जुंपले. एक प्रतिनिधी म्हणाला, चिठ्ठी आहे ना, देऊ दे. दुसरी म्हणाली, वेळ संपली, हा केंद्राबाहेर जाऊन आला. केंद्राध्यक्षाने ‘नाही’ म्हणून सांगितले आणि नोंदवहीत ‘मत दिले नाही’ असा शेरा मारून त्याची सही घेतली. सही करून मत न देणाऱ्याची अशीच नोंद खऱ्या केंद्रावरही करतात, हे तिला मी नंतर सांगितले. मग सगळ्यांसमोर मोजणी: १८, १७ आणि ‘नोटा’ (यांपैकी कोणीही नाही) ५. एका मताचा फरक, आणि एकच मत कंपासपेटीत अडकलेले! २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात समसमान मते पडून निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला होता, ही गोष्ट त्या दिवशी मुलांनी कान टवकारून ऐकली. हरलेला उमेदवार हिरमुसला, पण आकडेवारीच्या कागदावर सही त्याच्या प्रतिनिधीनेही केली.

पुढची गंमत निवडून आलेल्याची. गृहपाठ बंद करण्याचे त्याचे आश्वासन होते. कोणता विषय कोणाच्या अधिकारात, हे सांगणारी केंद्र सूची आणि राज्य सूची राज्यघटनेत आहे, तशी वर्गाची सूची करायला लावली, तेव्हा त्याच्या हाती उरले बाकांची अदलाबदल, वाचनपेटी आणि सहलीचा हिशेब. ‘सर, मग बोललो कशाला?’ असे तोच म्हणाला. दर शनिवारी विरोधी बाकावरून त्याला गृहपाठावर प्रश्न येत राहिले, वर्ष संपेपर्यंत.

निवडणूक आयोगाने २०१८ पासून शाळांमध्ये मतदार साक्षरता मंडळे सुरू केली, ती नववी ते बारावीच्या मुलांसाठीच. १७ वर्षे पूर्ण झाली की मतदार नोंदणीसाठी आगाऊ अर्जही करता येतो. म्हणजे बारावीतली बरीच मुले खऱ्या यादीच्या उंबरठ्यावर असतात. मग २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, नुसती शपथ देऊन त्यांना घरी का पाठवायचे?

शाळांना एक सुचवतो. मोजणी मुलांसमोर, मुलांकडूनच करून घ्या आणि आकड्यांच्या कागदाची प्रत हरलेल्याच्या प्रतिनिधीला द्या. आणि आपल्याला विनंती, अशी बातमी पुढच्या वेळी छापाल तेव्हा हाराच्या शेजारी मतांचे आकडे छापा, नोटासकट.

आपला,
एक निवृत्त शिक्षक