आधी धावफलक, मग कोट्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयपीएलचे सामने 2023 पासून मोबाइलवर मराठी समालोचनासह दिसू लागले, हे चांगलेच झाले. पण चौकार गेला की ‘काय फटका!’ आणि गडी बाद झाला की यमक जुळवलेली कोटी, याच्या पुढे गाडी क्वचितच सरकते. चौकार तर आम्हाला दिसलाच. ऑफ साइडला किती क्षेत्ररक्षक आहेत, थर्ड मॅन वर्तुळाच्या आत आला का, हे हवे असते.

बाळ ज. पंडितांनी रेडिओवर मराठी समालोचन रुजवले. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. रेडिओच्या समालोचनाला क्रम असतो: गोलंदाज कोणत्या टोकाकडून, क्षेत्ररचनेत काय बदलले, टप्पा, फटका, चेंडू कुठे अडला, धावा आणि शेवटी धावफलक. यातले एक गाळले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढचे मैदान विस्कटते. सर्वांत जास्त गळतो तो धावफलकच, कारण बोलणाऱ्याला तो समोर दिसत असतो. अमेरिकेत बेसबॉलचे समालोचक रेड बार्बर यासाठी तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ जवळ ठेवत. वाळू संपली की गुणसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटे करायचे. हिंदीत जसदेव सिंग यांचे 1975च्या हॉकी विश्वचषक अंतिम सामन्याच्या समालोचनाची आठवण आजही जुने श्रोते काढतात. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घेता येतो, हॉकीत तेवढीही उसंत नाही.

सगळा दोष बोलणाऱ्यांचा नाही. प्रादेशिक भाषांचे समालोचन बहुधा मैदानावरून होत नाही, स्टुडिओत पडदा बघून होते. दिग्दर्शक जे दाखवेल तेवढेच दिसते. कॅमेरा गोलंदाजाच्या चेहऱ्यावर असताना डीप मिडविकेटचा, म्हणजे सीमारेषेजवळचा, क्षेत्ररक्षक दहा पावले सरकला तर स्टुडिओत कळणार कसे? मग रिकामी जागा कोट्यांनी भरली जाते. उपाय अवघड नाही: संपूर्ण मैदान दाखवणाऱ्या स्थिर कॅमेऱ्याचा वेगळा पडदा समालोचकांपुढे द्यावा. आणि गोलंदाज धावू लागला की एकानेच बोलावे, माजी खेळाडूने चेंडू संपल्यावर.

कबड्डीत तर हे आणखी गरजेचे. चढाई 30 सेकंदांची. चढाईपटू मध्यरेषा ओलांडण्याआधी समोर किती बचावपटू उरलेत ते सांगायला हवे, कारण प्रो कबड्डीत तीन किंवा कमी असताना पकड झाली तर एक गुण जादा मिळतो. आधीच्या सलग दोन चढाया रिकाम्या जाऊन ही तिसरी, म्हणजे गुण मिळवावाच लागणारी, चढाई असेल तर तेही. पकड झाल्यावर ओरडून काय उपयोग?

टीव्ही मुका करून रेडिओ लावायची जुनी युक्ती आता चालत नाही. मोबाइलवरचे प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत येते आणि दोन-तीन तुकडे साठल्याशिवाय चित्र सुरू होत नाही. त्यामुळे रेडिओवर गडी बाद होतो तेव्हा पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पुसत असतो. रेडिओ अॅपवर ऐकत असाल तर तो थोडा थांबवून, चित्र गाठू लागले की पुन्हा सुरू करावा. मात्र काही अॅप थांबवल्यावर सरळ ताज्या आवाजावर उडी मारतात, तिथे इलाज नाही. ट्रान्झिस्टरवर तर नाहीच.

जानेवारी 2025 मध्ये नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला. पुढचा रणजी सामना नाशिकला मिळेल तेव्हा आकाशवाणीच्या नाशिक केंद्राने मैदानावरून मराठी समालोचन द्यावे. दिवसाची नव्वद षटके नकोत, उपाहारानंतरचा एक तास पुरे. दोन समालोचक, एक गुणलेखक, वीस-वीस मिनिटांची पाळी. बसायची जागा खेळपट्टीच्या सरळ रेषेत मिळाली पाहिजे; बाजूला बसवले तर चेंडू आत आला की बाहेर गेला, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक, नाशिक