मोठ्या देणग्यांचं काम हाती घेतलेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निसर्गसंवर्धन संस्थेसाठी मोठ्या देणग्या मिळवण्याचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून बरं वाटलं. सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस. श्रीमंतांची यादी करायला घेतली असशील तर ती सध्या बाजूला ठेव. आधी खर्चाचा कागद कर, आणि तो ऑफिसात बसून नको. रानात काम करणाऱ्यांना शेजारी बसवून कर.

कारण निसर्गसंवर्धनाला पैसा एकदा लागून भागत नाही, तो लागतच राहतो. घाणेरी, म्हणजे रान व्यापून टाकणारं ते परकं झुडूप, काढण्याचंच घे. नुसती वरून छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. मुळासकट काढली तरी मातीतलं बी पुढच्या पावसात उगवतं, आणि शेजारच्या रानातून पक्षी नवं आणून टाकतात ते वेगळंच. म्हणजे पहिल्या वर्षीच्या मजुरीला जोडून पुढची निदान तीन वर्षं रोपं उपटायच्या फेऱ्या, मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक गवत, त्याची राखण आणि ठरलेल्या चौकटींत दरवर्षी मोजणी, एवढं सगळं आलं. देणगी फक्त पहिल्या वर्षापुरती घेतली की चौथ्या वर्षी तिथे पुन्हा घाणेरीच उभी असते. म्हणून दर हेक्टरी खर्च काढशील तो पाच वर्षांचा काढ. त्यातच गाडीची दुरुस्ती, पगार, विमा, हिशेबनिसाचा वेळ हेही उघडपणे धर. ‘प्रशासकीय खर्च फक्त 5 टक्के’ असं मिरवणाऱ्या संस्था बाकीचा खर्च कुठेतरी लपवतात, नाहीतर माणसांना राबवून घेतात. मोठ्या देणगीदाराला हे कळतं, त्याने स्वतः धंदा चालवलेला असतो.

या बाबतीत पर्सिव्हल बॅक्स्टरचं उदाहरण विश्वस्तांना जरूर सांग. अमेरिकेतल्या मेन राज्याचा हा माजी गव्हर्नर. कटाडिन पर्वत राज्याने विकत घ्यावा म्हणून त्याने खटपट केली, पण विधिमंडळाने दाद दिली नाही. मग 1930 साली त्याने स्वतःच्या पैशातून पहिला तुकडा घेतला आणि 1962 पर्यंत भर घालत सुमारे 2 लाख एकर जमीन राज्याच्या स्वाधीन केली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे देखभालीसाठी वेगळा निधीही मागे ठेवला. जमिनीसोबत तिची देखभालही देणारा देणगीदार दुर्मीळ, आपण मागितल्याशिवाय तो मिळत नाही. हिशेब साधा आहे. कायमनिधीतून, म्हणजे मुद्दल न मोडता गुंतवून ठेवलेल्या निधीतून, वर्षाला साधारण 4 टक्केच काढायचे असं धरलं, तर 20 लाखांच्या वार्षिक देखभालीला 5 कोटींचा निधी लागतो. जमिनीची किंमत सांगतानाच हा आकडाही सांग. नंतर सांगितला की फसवल्यासारखं वाटतं.

खर्च ठरला की देणग्यांचा तक्ता मांड. समज, लक्ष्य 10 कोटींचं आहे. 2 कोटींची एक, 1 कोटीच्या दोन, 50 लाखांच्या चार, 25 लाखांच्या आठ. पंधरा देणग्यांत 8 कोटी झाले, उरलेले 2 कोटी लहान रकमांतून येतील. ‘हजार जणांनी एकेक लाख दिले की झालं’ असं एखादा विश्वस्त हमखास म्हणतो. तसं होत नाही. एक लाख देऊ शकणारी हजार माणसं शोधून, भेटून, सांभाळायला जे मनुष्यबळ लागतं ते तुझ्याकडे नाही. प्रत्येक देणगीमागे तीन-चार संभाव्य नावं लागतात, म्हणजे पंधरासाठी 45 ते 60. सर्वांत वरच्या रकमेसमोर एकही खरं नाव लिहिता येत नसेल, तर लक्ष्यच चुकलंय. ते आताच खाली आण. लक्ष्याची जाहीर घोषणा तर निम्म्याहून अधिक रकमेचे शब्द मिळाल्याशिवाय करूच नकोस. अर्ध्यावर अडकलेला आकडा लोकांच्या नजरेसमोर राहिला की पुढचे देणगीदार बिचकतात.

नाव यादीत घेताना तीन गोष्टी बघ: ऐपत, विषयाची ओढ आणि आपल्यापैकी कोणाची तरी ओळख. नुसती ऐपत बघून घातलेली नावं वर्षानुवर्षं यादीत धूळ खातात. उलट, दहा वर्षं न चुकता लहान रक्कम पाठवणारा माणूस जुन्या पावत्यांत सापडतो आणि त्याला कोणी कधी भेटलेलंच नसतं. तिथून सुरुवात कर. पूर्णवेळ हेच काम करणारा अनुभवी माणूस शंभर-सव्वाशे नावं सांभाळू शकतो. तुला टीमही बघायची आहे, तेव्हा स्वतःकडे तीस-चाळीसच ठेव. प्रत्येक नावापुढे पुढची पायरी, ती कोण करणार आणि तारीख. तारीख नसलेलं नाव यादीतून काढून टाक.

रानातली भेट हे आपलं सर्वांत मोठं बळ, आणि बिघडतंही तिथेच. वाघ दाखवायचं कबूल करू नकोस, तो दिसणार नाही आणि दिवस वाया गेला असं वाटेल. तीन-चारच पाहुणे ने. कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं, कार्ड त्यांच्यासमोर काढ, लॅपटॉपला लाव. शंभरातले नव्वद फोटो हललेल्या गवताचे असतात, तेही दाखव. मग एखादं साळिंदर आलं की माणसं पुढे सरकून बघतात. बोलायचं काम रोज ते कार्ड बदलणाऱ्या मुलाला दे. संचालकांना मागे चालायला सांग, ते फार बोलतात. आणि पैशाची गोष्ट त्या दिवशी काढू नकोस.

मागणी वेगळ्या भेटीत, पंधरा दिवसांच्या आत, शक्यतो दोघांनी जाऊन: एक तू, एक त्यांच्या ओळखीचा विश्वस्त, ज्याने स्वतः आधी देणगी दिलेली आहे. आकडा एकच सांगायचा. ‘25 ते 50’ म्हटलंस की 25 ठरले. ‘तुम्हाला जमेल ते’ हे तर वाक्यच नको. ‘या 200 हेक्टरच्या पाच वर्षांच्या कामासाठी 50 लाखांचा विचार कराल का?’ एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. ही शांतता अवघड जाते, आपल्यापैकीच कोणीतरी घाईने ‘हप्त्यांनीही चालेल’ म्हणून मोकळा होतो. हप्ते त्यांना सुचू दे. नकार आला तर रक्कम खटकली, प्रकल्प की वेळ, ते विचार. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

कोणाचे पैसे घ्यायचे नाहीत, हे पैसे समोर येण्याआधी लेखी ठरव. ज्या नदीसाठी तू काम करतोस, तिच्यात सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याचा चेक टेबलावर आल्यावर ट्रस्टींना तत्त्वं सुचत नाहीत. निनावी राहू इच्छिणाऱ्याचं नाव गुप्त ठेव, पण प्रकल्प गुप्त ठेवू नकोस. अमेरिकेतल्या ग्रँड टीटन पर्वतांजवळ जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर या धनाढ्य देणगीदाराने राष्ट्रीय उद्यानासाठी द्यायच्या म्हणून एका कंपनीच्या नावावर गुपचूप जमिनी घेतल्या. 1930 मध्ये ते उघड झालं तेव्हा स्थानिक लोक खवळले. ती जमीन सरकारकडे जायला 1949 उजाडलं.

करारात रक्कम, हप्त्यांच्या तारखा, नाव कुठे नि किती वर्षं लागणार, अहवाल कधी, हे सगळं हवंच. आणखी एक कलम लोक विसरतात: जमिनीचा व्यवहार फिसकटला किंवा परवानगी नाकारली गेली तर पैसे कशाकडे वळवायचे. हे नसलं की मोठी रक्कम बँकेत अडकून पडते आणि पगाराला पैसे नसतात. ट्रस्टींच्या बैठकीतही तीन रकाने वेगळे दाखव: तोंडी शब्द, सही झालेला करार, जमा झालेली रक्कम. पहिला रकाना धरून कोणी नोकरभरती करायला निघालं तर तिथल्या तिथे अडव. आणि तुझ्या माणसांना जमलेल्या रकमेवर टक्केवारी देण्याची टूम निघाली तर साफ नकार दे. टक्केवारीवरचा माणूस देणगीदाराला घाई करतो, निधी उभारणीच्या व्यवसायातल्या आचारसंहिताही टक्केवारीला मनाई करतात.

आभाराचा फोन 48 तासांत, पावती आठवड्यात. अहवालात मेलेली रोपंही मोज. 10,000 लावली, 6,000 जगली, उरलेली का गेली आणि यंदा काय बदललं, असं चार ओळींत लिहिलेलं पान चकचकीत पुस्तिकेपेक्षा नीट वाचलं जातं.

बैठकीआधी तुझा तक्ता आणि खर्चाचा कागद पाठव. त्यातली देखभालीची ओळ मी सर्वांत आधी बघणार आहे.

तुझा,
मित्र