हार्डीच्या मनोऱ्यावरून झालेलं भांडण

मुंबई,
रविवार, रात्री उशिरा

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा परवा म्हणालात ना, "पुस्तकावरून एवढं काय भांडता रे तुम्ही लोक?" ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. आईला मोठ्यांदा वाचून दाखवा. डोळ्यांत थेंब घातल्यावर लगेच वाचायला बसू नका मात्र.

या वेळी आमच्या वाचनमंडळात आम्ही इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डीची 'टू ऑन अ टॉवर' घेतली होती. त्याच्या 'टेस' आणि 'ज्यूड' या कादंबऱ्या सगळ्यांना ठाऊक. ही १८८२ची कादंबरी मात्र कपाटात मागच्या रांगेत असते. गोष्ट शेवटासकट सांगतेय. बाबा तसेही शेवटची पानं आधी वाचतात.

लेडी कॉन्स्टन्टाइन, म्हणजे व्हिव्हिएट, बड्या घरची बाई. नवरा आफ्रिकेत सिंहांच्या शिकारीला गेलेला, पत्ता नाही. तिच्या जमिनीवरच्या जुन्या मनोऱ्यावर स्विदिन नावाचा विशीतला पोरगा दुर्बीण लावून बसतो. ती त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. नवरा वारल्याची बातमी येते, हे दोघं गुपचूप लग्न करतात, आणि मागाहून कळतं की लग्न झालं तेव्हा नवरा जिवंत होता. त्यात स्विदिनच्या चुलत आजोबांच्या मृत्युपत्रातली अट उघड होते: पंचविशीपर्यंत लग्न केलं नाही तर वर्षाला ६०० पौंड. ती त्याला मोकळं करते. तो दक्षिणेचं आकाश बघायला निघून जातो, आणि मग हिला कळतं की आपल्याला दिवस गेलेत. त्याला कळवायला ठावठिकाणा नाही. शेवटी ती एका बिशपशी लग्न करते. पुढे बिशप वारतो, स्विदिन परत येतो, तिचा उतरलेला चेहरा बघून चपापतो, जिना उतरायला लागतो, पुन्हा वर येतो आणि म्हणतो, तुझ्याशी लग्न करायला आलोय. त्या आनंदाच्या धक्क्यानं ती त्याच्या मिठीतच प्राण सोडते.

झालं! मेगाब्लॉकमुळे अर्धी मंडळी उशिरा आलेली, साबुदाणेवडे गार झालेले, त्यात हा शेवट. बँकेतून रिटायर झालेले काका म्हणाले, ही कादंबरी नाही, योगायोगांचं कपाट आहे; दार उघडलं की एक अंगावर पडतो. त्यांचं खोटं नाही. पत्रं नेमकी नको त्या दिवशी येतात, माणसं नको तेव्हा मरतात. गिरगावच्या मावशींना मात्र रडू आवरेना. कॉलेजातली मुलगी तिसऱ्याच कारणानं चिडलेली: "त्या बिशपला सरळसरळ फसवलं, त्याचं कुणालाच काही नाही?" गंमत म्हणजे तेव्हाच्या वाचकांनाही बिशपच खुपला होता. पुस्तक असभ्य आहे आणि चर्चची टिंगल करतं, असं बोललं गेलं. १८९५च्या प्रस्तावनेत हार्डीला खुलासा करावा लागला. अफाट आकाशापुढे दोन चिमुकल्या जिवांची गोष्ट मांडायची होती, असं तो म्हणतो.

ते जमलंय का? माझ्या मते अर्ध्यापर्यंत जमलंय, आणि काय जमलंय! स्विदिन रात्र-रात्र जागून ताऱ्यांविषयी एक शोध लावतो, आणि कळतं की एका अमेरिकनानं तो सहाच आठवडे आधी छापलाय. पोरगा पावसात ओल्या रानात जाऊन पडतो आणि मरणाच्या दारात पोचतो. औषधं हरतात. मग कुणीतरी सांगतं, धूमकेतू दिसतोय. तो बघायचा म्हणून हा जगतो. बाई उशाशी जीव टाकतेय आणि याला धूमकेतू हवा! आमच्यातला एक जण वांगणीला आकाशदर्शनाला जातो, तो म्हणाला, "यात अतिशयोक्ती काही नाही." आमच्या गच्चीवरून गुरू-शुक्र दिसले तरी पुष्कळ, तेव्हा मी गप्प बसले. पुढच्या अर्ध्यात मात्र तारे बाजूला पडतात आणि वकील, तिचा भाऊ, बिशप यांचीच ये-जा चालते.

वयाच्या फरकावर मंडळी नाकं मुरडत होती. मला आई आठवली. आजीनं लग्न ठरवताना तुझं वय दोन वर्षं कमी सांगितलं होतं ना? बाबांना कळलं ते थेट रेशनकार्डावर. हे मी तिथे सांगितलं नाही, घाबरू नकोस.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ६०० पौंडांचं स्विदिनला लग्नाच्या दिवशीच कळलेलं असतं, तो तिला सांगत नाही. तिला वाईट वाटेल म्हणून. मग तिला कळतं, आणि त्याचं भलं कशात हे ती ठरवून टाकते. दोघंही प्रेमापोटीच वागतात, आणि वाट लागते. आता खरं सांगा, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर चार दिवसांनी मला कळवलंत, ते काय होतं? "तुझं ऑफिसचं टेन्शन, उगाच धावपळ नको." मी पहाटेची गाडी पकडून आले असते. दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली की त्याच दिवशी फोन करायचा. हे मी भांडून सांगतेय असं समजा.

पुस्तक दादाबरोबर पाठवतेय. टाइप बारीक आहे, तेव्हा बाबांनी सध्या हात लावायचा नाही. आईनं वाचून मराठीत सांगावं, तिला ते माझ्याहून चांगलं जमतं. मावशींचं आणि काकांचं एका गोष्टीवर अजून मिटलेलं नाही: जिन्यावरून परत फिरला तो प्रेमानं, की कर्तव्य म्हणून? मावशी म्हणतात प्रेमानं. मी काकांच्या बाजूची आहे. आई, तुझं मत दोन ओळींत का होईना, कळव. बाबांचं मला माहीत आहे, ते तुझ्याविरुद्ध असेल.

तुमची,
धाकटी