आजीनं धुऊन ठेवलेली टोपी

कोल्हापूर,
गुरुवार, रात्री

चि. दादू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मीच कापला. तुझ्या आईला नेटवर्क गेलं असं सांगितलं आणि तिनं काही न विचारता ऐकून घेतलं, म्हणजे तिला कळलं. परत लावायला हात उचलत नाही, म्हणून लिहितोय. लिहिताना मध्येच कुणी ‘पप्पा, तुम्हाला यातलं कळत नाही’ म्हणत नाही, एवढा फायदा.

आधी घरचं. आजीचा गुडघा आहे तसाच. काकांचं ते प्रकरण मिटलं, बोलणं मात्र अजून नाही. कोपऱ्यावरचा तुझा बॅनर पावसानं फाटला होता, तो पोरांनी नवा लावला. या वेळी फोटो मोठा आहे. कामावर जाताना मी तिकडं बघत नाही असं दाखवतो. रोज बघतो.

तुमच्या फुटबॉल क्लबाचा कॅम्प सोडून गेलेल्या त्या मणिपूरच्या पोराबद्दल, ज्याच्या तक्रारीवरून चौकशी लागली, आता मला एकच विचारायचं आहे. तो पोरगा मेसमध्ये कुणाजवळ बसून जेवायचा?

म्हणशील, इतकं रामायण झालं आणि पप्पा जेवणाचं विचारतायत. सांगतो. तायडी तिच्या कंपनीत तक्रारींच्या कमिटीवर आहे. तुमच्या क्लबात चौकशी लागली हे ऐकल्यावर तिनं मला अमेरिकेतलं एक प्रकरण दोन संध्याकाळी फोनवर वाचून दाखवलं. मायामी डॉल्फिन्स नावाचा संघ. त्यांचा फुटबॉल वेगळा, अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं. असो. त्यात जोनाथन मार्टिन म्हणून एक पोरगा. साडेसहा फुटाच्या आसपास उंच, वजन एकशेचाळीस किलो, स्टॅनफर्डला शिकलेला, २०१२ साली संघात आलेला. त्याच फळीतला जुना खेळाडू रिची इन्कॉग्निटो. तो आणि आणखी दोघं मिळून वर्षभर त्याला वाट्टेल ते बोलायचे. रंगावरून, आईवरून, बहिणीवरून. पोरगा हसून घ्यायचा.

आणि २८ ऑक्टोबर २०१३ ला तो ताट घेऊन टेबलापाशी बसला, तर आधी बसलेले सगळे उठून गेले. ठरवून केलेली थट्टा. त्या वेळी कुणी त्याला हात लावला नाही. त्यानं तिथूनच संघ सोडला आणि दवाखान्यात भरती झाला.

एकशेचाळीस किलोचा माणूस, दादू. मी रात्री तेच टेबल बघत पडलो होतो. म्हणून विचारतोय.

तू रविवारी म्हणालास, ‘तो सॉफ्ट आहे पप्पा, ड्रेसिंग रूममध्ये एवढं चालतंच.’ चालतं, मला माहीत आहे. उद्यमनगरात मी लेथवर लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी मला स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा आणायला पाठवलं. चार दुकानं फिरलो. प्रत्येक दुकानदार गंभीर तोंड करून पुढच्या दुकानात धाडायचा. संध्याकाळी त्याच फोरमननं मला वडापाव खायला घातला आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यातला झालो. तू म्हणतोस ते हेच ना? यात आणि त्यात फरक काय, हे मला नीट मांडता येत नाही. मला एकदाच पाठवलं होतं. आणि मी परत आलो तेव्हा त्यांनी सरकून मला बसायला जागा दिली.

बघ, परत बसण्यावरच आलो.

दिवाळीत तू त्याला चार दिवस घरी आणलंस तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता. हे तुला सांगायचं राहून गेलं. मणिपूरचं पोर, घरी जाण्यासारखी परिस्थिती नाही, २०२३ च्या मे महिन्यापासून तिकडं काय चाललं ते आजीसुद्धा टीव्हीवर बघून हळहळायची. तू म्हणालास, ‘हा सणाला एकटा कुठं राहणार, म्हणून आणला.’ मी कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं. आम्हाला वाटलं, तांबडा रस्सा त्याला झेपायचा नाही. त्यानं वर आणखी मिरची मागितली. आजी खूश. दोघांची एकही भाषा जुळत नव्हती आणि दोघं तासभर ओट्यापाशी बोलत बसायची.

पण त्या चार दिवसांत तू त्याला ‘मोमो’च म्हणत होतास. ‘ए मोमो, इकडं ये.’ आम्ही हसलो. मीपण हसलो, हे लिहून ठेवतो, नाहीतर सगळं तुझ्याच माथी मारल्यासारखं होईल. आजी तेवढी हसली नाही. तिनं त्याला नाव विचारून घेतलं आणि चुकीचं का होईना, तेच म्हणत राहिली. परवा तिनं सांगितलं, ‘अरे, ते पोर मला म्हणालं होतं, मोमो मी पहिल्यांदा खाल्ला तो दिल्लीत.’ म्हणजे ते नावसुद्धा त्याचं नव्हतं.

तुला ऑक्टोबर २०१७ आठवतो का? सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप आपल्या देशात होता आणि संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. पेठेत नुसता नादखुळा माहोल. तू चौदाचा. ९ तारखेला कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं कॉर्नरवर डोक्यानं गोल मारला, भारताचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल, आणि तू माझ्या खांद्यावर चढलास. इतका जड झाला होतास की माझी पाठ आठवडाभर धरली. मॅच आपण २-१ नं हरलो, तरी पोरं रात्रभर झोपली नाहीत. जॅक्सन मणिपूरचा. कर्णधार अमरजितही तिकडचाच. त्या संघात २१ पैकी ८ पोरं मणिपूरची होती, हे तूच मला पाठ म्हणून दाखवायचास. तेव्हा तुला त्यांच्यासारखी केसांची कट पाहिजे होती.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. तसं वाटलं तर सोडून दे. लिहिता लिहिता आठवलं.

तो पोरगा निघून गेला त्या रात्री अकराच्या पुढं आपल्या घरी फोन आला होता. मीच उचलला. ‘आजी है?’ म्हणाला. मी म्हटलं झोपली, तर गप्प राहिला. मग आजीच उठून आली. त्यानं विचारलं, ‘आजी, खाना खाया?’ तिनं मराठीतून सगळं सांगितलं, काय जेवली, गुडघ्याला काय लावलं. तो ऐकत होता. मग ठेवला. त्यानंतर त्याचा फोन बंद आहे. आजी रोज मला लावायला लावते.

म्हणजे ज्याला घर नीट राहिलेलं नाही असा पोरगा तुमच्या कॅम्पातून निघाला आणि जाताना त्याला बोलायला आपली आजी आठवली. तुमच्यातलं कुणी आठवलं नाही. तू शेजारच्या खोलीत होतास ना? की नव्हतास? तो जेवायला कुणाबरोबर जायचा, तेवढं सांग.

अमेरिकेतल्या त्या प्रकरणात लीगनं टेड वेल्स नावाच्या वकिलाला चौकशीला बसवलं होतं. २०१४ च्या फेब्रुवारीत १४४ पानांचा अहवाल आला. त्या पोरानं आईला पाठवलेले मेसेज त्यात छापलेत. ते वाचताना तायडी थांबली. मी म्हटलं, पुढं वाच. ती म्हणाली, नको पप्पा. इन्कॉग्निटोचं म्हणणं होतं की आम्ही जिवलग मित्र. वर्षभरात एकमेकांना हजारावर मेसेज केले होते म्हणे त्यांनी. खोटं नसेलही. त्याच्या फळीच्या प्रशिक्षकानं, पोरगा निघून गेल्यावर आठवड्याच्या आत मार्टिनलाच मेसेज केला, की टीव्हीवर रिचीची बदनामी चालली आहे, तू एक निवेदन दे आणि हे थांबव. त्या प्रशिक्षकाची आणि मुख्य ट्रेनरची पुढं नोकरी गेली. इन्कॉग्निटोचा एक हंगाम वाया गेला, मग दुसऱ्या संघानं घेतलं आणि तो चांगला खेळलासुद्धा. मार्टिन आणखी दोन संघांत फिरला आणि पंचविसाव्या वर्षी, पाठीच्या दुखण्यानं, खेळ सोडला. २०१८ मध्ये त्यानं बंदुकीचा फोटो टाकून त्यात आपल्या जुन्या शाळेचं आणि जुन्या सहकाऱ्यांची नावं जोडली. शाळा एक दिवस बंद ठेवावी लागली. चार वर्षं उलटून गेली होती रे त्या टेबलाला.

अजून एक. त्यांच्या फळीची दंडाची वही होती. कोण उशिरा आला, कोणी काय केलं, त्याचे पैसे. मार्टिन गेल्यावर इन्कॉग्निटोनं त्या वहीत स्वतःलाच दोनशे डॉलर दंड लावला, मार्टिनला मोडल्याबद्दल. गंमत म्हणून. मग चौकशी येतेय म्हटल्यावर वही नष्ट करायला सांगितलं. ती झाली नाही, वकिलाच्या हातात पडली.

तुमच्याकडंही दंडाची वही आहे. गेल्या हंगामापासून ती तुझ्याकडं आहे, तूच कौतुकानं सांगितलं होतंस. सिनियर झाल्याचं लक्षण म्हणून मीही कौतुक केलं. त्यात त्या पोराचं नाव किती वेळा आहे आणि कशाकशाबद्दल आहे?

मंगळवारी तुला चौकशीला बोलावलंय आणि ‘सगळ्यांनी मिळून एकच सांगायचं ठरलंय’ असं तू म्हणालास. त्यावर मी फोन कापला. पण खरं सांगू, कापण्याआधी क्षणभर माझ्या मनात आलं होतं, बरं झालं, सगळे एक आहेत, माझं पोर वाचेल. तुझं काँट्रॅक्ट मेपर्यंत आहे, घराचे हप्ते आहेत, तायडीच्या लग्नाचं बघायचं आहे. तुला घडवायला काय लागलं ते मला माहीत आहे. पहाटे गांधी मैदानावर तुझे बूट मी पुसलेत. ते सगळं एका पोराच्या तक्रारीनं जाईल ही भीती मला पहिल्यांदा वाटली आणि त्या पोराची काळजी नंतर. याची मला लाज वाटली, तो राग तुझ्यावर निघाला.

मस्करी होती, या शब्दावर मात्र जाऊ नकोस. इंग्लंडात क्रॉली टाउनचा मॅनेजर जॉन येम्स आपल्याच खेळाडूंना वर्णावरून, धर्मावरून बोलायचा. आधी दीड वर्षाची बंदी झाली, मग २०२३ मध्ये ती तीन वर्षांची केली. आता क्लबांना, फेडरेशनला हे कळतं. वहीतलं अक्षर तुझं आहे. उद्या सगळ्यांचं एकच म्हणणं फिरलं, तर...

झालं, भाषण सुरू झालं. आई म्हणाली होती, उपदेश करू नको. माफ कर.

तुला कधी सांगितलं नाही, आमच्या वेळी गडहिंग्लजहून एक गोलकीपर आपल्या तालमीकडून खेळायला आला होता. साल १९९१ असेल. हात लांब, उडी मांजरासारखी. शाहू स्टेडियमवर फायनलला त्याच्या पायांमधून एक गोल गेला आणि आम्ही हरलो. त्या दिवसापासून त्याचं नाव ‘चाळण’. त्याच्या सायकलला आम्ही पिठाची चाळण बांधायचो. तो सोडवून ठेवायचा, आम्ही परत बांधायचो. नावाची कल्पना माझी होती. सगळ्यांत जास्त हशा मला मिळाला होता म्हणून आठवतं. पुढच्या हंगामाला तो आलाच नाही. आम्ही म्हटलं, दम नव्हता.

बरीच वर्षं गेल्यावर गडहिंग्लजच्या स्टँडवर तो भेटला. त्यानंच हाक मारली. चहा पाजला, बिल देऊ दिलं नाही. तुझं विचारलं, ‘पोरगा चांगला खेळतो म्हणे.’ मी त्याच्या पोरांचं विचारलं. म्हणाला, ‘दोघांनाही क्रिकेटला घातलंय.’ एवढंच. माझी एसटी लागली. मला माफी मागायची होती, पण काय म्हणून मागायची? चाळण म्हणालो म्हणून? तो हसत होता. मी गाडीत बसलो आणि तो हात हलवत उभा राहिला.

मंगळवारी काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी तिथं नव्हतो. तू जे सांगशील त्यानंतर तू घरी आलास, काँट्रॅक्ट असो नसो, तर तुझं ताट वाढलेलंच असेल, हे लिहायची गरज नव्हती, तरी लिहितो.

त्या पोराची लोकरीची टोपी दिवाळीत आपल्याकडं राहिली. आजीनं धुऊन, घडी घालून कपाटात ठेवली होती, आज बाहेर काढली. म्हणते, तिकडं थंडी असेल, लगेच कुरिअर कर. सोबत चटणीचा डबाही बांधलाय, तुझा वेगळा आहे. तेव्हा त्याचा पत्ता आणि पूर्ण नाव, नीट स्पेलिंगसकट, मेसेज करून पाठव. तुझ्याकडं नसेल तर तसंही कळव.

तुझा,
पप्पा