नाव एक, मॉड्यूल भलतेच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पदविकेच्या विद्यार्थ्यांची पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची प्रात्यक्षिके मी घेते आणि दरवर्षी पहिल्याच आठवड्यात ठरलेला प्रसंग घडतो. सीव्ही२ हे मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, वापरण्यासाठी प्रोग्रॅमची पहिली ओळ ‘इम्पोर्ट सीव्ही२’ अशी असल्यामुळे मुले ते संगणकावर बसवायला ‘पिप इन्स्टॉल सीव्ही२’ अशी आज्ञा टाइप करतात आणि असे काही सापडत नाही, हे लाल अक्षरांतले उत्तर पाहून माझ्याकडे बघत बसतात. प्रोग्रॅममधले सीव्ही२ पायपीआय या पायथन मॉड्यूलच्या ऑनलाइन भांडारात ‘ओपनसीव्ही-पायथन’ या नावाने आहे. एसकेलर्न हे मॉड्यूल हवे असल्यास ‘सायकिट-लर्न’ मागावे लागते. घरात बाळ्या आणि शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण, तशातला हा प्रकार.

एरर आली तर निदान चूक कळते. चुकीच्या नावाचेही मॉड्यूल भांडारात निघाले, तर ती कळतच नाही. पायपीआयवर कोणीही खाते उघडून मॉड्यूल चढवू शकतो आणि ते आधी तपासून मग प्रसिद्ध करण्याची पद्धत तेथे नाही. स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेने २०१७ मध्ये पायपीआयवरील दहा फसवी मॉड्यूल उघडकीस आणली. त्यांतल्या ‘सेटअप-टूल्स’मध्ये आणि खऱ्या ‘सेटअपटूल्स’मध्ये फरक होता तो एका जोडरेषेचा. आतला कोड मूळचाच उचललेला असल्याने प्रोग्रॅम सुरळीत चाले, मात्र इन्स्टॉल होतानाच वापरकर्त्याचे आणि संगणकाचे नाव परस्पर बाहेर धाडले जाई. हल्ली मुले मॉड्यूलचे नाव चॅटबॉटला विचारतात आणि तो कधी कधी अस्तित्वातच नसलेले नाव ठामपणे सांगतो. तेच नाव एखाद्या लबाडाने आधी नोंदवून ठेवले असेल, तर पुढचे सांगायला नको.

आमच्या प्रात्यक्षिक पुस्तिकेत या विषयाला ‘आवश्यक मॉड्यूल इन्स्टॉल करावे’ एवढी एकच ओळ मिळाली आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी त्यासाठी एक पूर्ण प्रात्यक्षिक ठेवावे, अशी माझी विनंती आहे. त्यात नेमके नाव प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेणे, पायपीआयच्या पानावर मूळ कोडचा दुवा आणि शेवटच्या आवृत्तीची तारीख पाहणे, वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरता पायथनचा स्वतंत्र कप्पा) करून त्यातच मॉड्यूल बसवणे आणि वापरलेली आवृत्ती जर्नलमध्ये नोंदवणे, एवढे आले तरी पुरे. त्यासाठी खर्च शून्य आहे, कारण अशा एन्व्हायर्नमेंटची सोय पायथनमध्ये २०१२ पासून आयतीच मिळते. तोंडी परीक्षेत ‘हे नाव कुठून घेतले?’ असा एक प्रश्न सक्तीचा केला, तर मुले हे प्रात्यक्षिक जर्नलपुरते उतरवून मोकळी होणार नाहीत.

आपली,
एक अध्यापिका, सांगली