कळवा पूर्वेची अंधारी वाट

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यात पोचली, याचा आम्हाला अभिमान आहेच. पण खाडीपलीकडे कळवा पूर्वेला रुळांलगत राहणाऱ्यांचे हाल कोण पाहणार? स्टेशनकडे जाणाऱ्या आमच्या वाटेवरचे दिवे गणपतीपासून बंद आहेत. पहाटेच्या लोकलसाठी माझी आई एका हातात डब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइलचा उजेड धरून निघते. मागच्या आठवड्यात गटाराच्या फुटक्या झाकणात तिचा पाय अडकला. घोटा अजून सुजलेलाच आहे. अर्ज केला, तर ‘ही आमची हद्द नाही’ असं रेल्वे आणि महापालिका, दोन्हीकडून उत्तर! हद्दीचा वाद सावकाश मिटवा, पण दिवे आधी लावा आणि ते झाकण बदला.

– एक रहिवासी, कळवा (पूर्व), ठाणे